श्वासयंत्राच्या नळीला उशाशी आधार

झोपेत घोरता घोरता श्वास अडण्याचा विकार आपल्या बालाघाट जिल्ह्यात आता कोणाला नवा राहिलेला नाही. गोंदिया किंवा नागपूरला जाऊन तपासणी करून घेतलेली आणि रात्री नाकावर मास्क चढवून निजण्याचे यंत्र घरी आणलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत. वारासिवनीकडे आहेत, कटंगीकडे आहेत, खुद्द बालाघाट शहरात तर आहेतच. डॉक्टरमंडळी या विकारास स्लीप ॲप्निया आणि यंत्रास सीपॅप म्हणतात. यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे घरात बोलणे होते ते त्याच्या किमतीचे, मास्कच्या मापाचे, वीज गेली तर काय करावे याचे. यंत्रापासून मास्कपर्यंत जाणाऱ्या सहा फुटी नळीची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की, महागाचे यंत्र कापडात गुंडाळून फडताळावर जाऊन बसते ते पुष्कळदा या नळीपायी.

तेव्हा या वेळी आपल्या पानावर त्या नळीचाच विचार करू. तिला उशाशी टेकू कसला द्यावा, विकतचा घ्यावा की घरी करावा, आणि आपल्या खाटा-मच्छरदाण्यांशी त्याचा मेळ कसा बसवावा, एवढाच आजचा विषय.

आधी यंत्र काय करते ते पाहू. ज्यांच्या विहिरीवर मोटरपंप आहे त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पंपाच्या सक्शनच्या बाजूस आपण नेहमी कडक, कड्याकड्यांचा पाइप लावतो. तेथे डिलिव्हरीचा मऊ पाइप लावला तर पंपाने ओढ घेताच तो चपटा होतो आणि पाणी बंद पडते. आपला घसा हा असाच मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा धरतात, झोपेत ते सैल पडतात. कोणाचा घसा मुळात अरुंद असतो, कोणाच्या मानेवर चरबी वाढलेली असते, कोणाची हनुवटी मागे असते. अशा माणसाने झोपेत श्वास आत ओढला की घसा चपटतो. अर्धवट चपटला तर घोरणे, पुरता चपटला तर श्वास बंद. श्वास दहा सेकंद किंवा अधिक वेळ थांबला म्हणजे डॉक्टर ती एक खेप धरतात. श्वास पुरता न थांबता अर्धवट अडला आणि रक्तातला प्राणवायू उतरला तर तीही मोजतात. तासाला पाचच्या आत खेपा असल्या तर चिंता नसते. पंधरापर्यंत विकार सौम्य, तीसपर्यंत मध्यम, आणि त्यावर गेला तर तीव्र. प्रत्येक खेपेस मेंदू दचकून जागा होतो, माणूस घुसमटून श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी निजणाऱ्या घरधनिणीला.

यंत्र एवढेच करते की, नळीवाटे मंद दाबाची हवा सतत नाकात सोडून घसा आतून उघडा धरते. हा दाब पाण्याच्या उंचीवर, सेंटिमीटरांत मोजतात. बहुतेक यंत्रे चार ते वीस सेंटिमीटरांपर्यंत दाब देतात. दहा सेंटिमीटर म्हणजे किती? रोवणी झालेल्या बांधीत अर्धी वीत पाणी उभे असले, तर तळच्या चिखलावर पाण्याचा जेवढा भार पडतो तेवढा. एवढ्याशा भाराने घसा उघडा राहतो, हे आम्हाला आजही नवलाचे वाटते.

ही युक्ती ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांची. त्यांनी १९८० साली घर झाडण्याच्या व्हॅक्यूम यंत्रासारखी मोटर उलटी वापरून, म्हणजे हवा ओढण्याऐवजी फुंकण्यासाठी लावून, एका रुग्णाचा घसा रात्रभर उघडा ठेवला. आणि १९८१ च्या एप्रिलात पाच रुग्णांचा वृत्तान्त लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याआधी विकार तीव्र झाला तर गळ्याला खालून छिद्र पाडणे हाच काय तो खात्रीचा उपाय होता. त्या पहिल्या दिवसांत मास्क नाकाला चिकटवून बसवीत आणि यंत्राचा आवाज मोठा असे. आज यंत्र उशाशी ठेवले तरी जवळजवळ ऐकू येत नाही. नळी मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे.

हे सारे कशासाठी करावयाचे, तेही सांगितले पाहिजे, कारण घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. रविवारी प्रवचन सुरू होताच ज्यांची मान छातीवर येते त्यांना आपण हसतो. त्यांतल्या काहींची रात्र शंभर-दोनशे वेळा मोडलेली असते. हाच माणूस सोमवारी ट्रॅक्टरवर बसतो, मळणीच्या दिवसांत थ्रेशरच्या तोंडात पेंढ्या सारतो, संध्याकाळी मोटरसायकलने बाजारातून परततो. तेथे लागलेली डुलकी थट्टेची नाही. शिवाय वर्षानुवर्षे असे चालले तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी देशभरचे अभ्यास एकत्र करून २०२३ साली जो अंदाज दिला, त्यात भारतातील प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना हा विकार असावा, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांना, असे म्हटले आहे. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत याच विकाराचे नाव घेतले होते. तेव्हापासून हे नाव खेड्यापाड्यांतही ऐकू येऊ लागले.

आता नळी. तिचे वजन फार नसते, पाव किलोच्याही आत. पण ते सारे वजन जर नाकावरच्या मास्कला लोंबू लागले, तर मास्क एका बाजूस ओढला जातो, रबरी गादी गालापासून सुटते आणि तेथून हवा फुसफुसू लागते. ती हवा बहुधा डोळ्यांवर जाते. डोळे कोरडे व लाल होतात. मग माणूस पट्टे आवळतो. आवळल्याने नाकाच्या दांडीवर वळ उठतो, कधी कातडी सोलवटते. तिसऱ्या-चौथ्या रात्री मास्क झोपेतच काढून टाकला जातो. यात दोष यंत्राचा नाही, मास्कचाही नाही. विहिरीत सोडलेल्या सक्शन पाइपाचे वजन पंपाच्या जोडावर येऊ नये म्हणून आपण पाइपाला दोर बांधतो. तो बांधला नाही तर जोडातून हवा शिरते आणि पंप पाणी सोडतो, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. येथेही तोच न्याय. जोडावर वजन येऊ द्यावयाचे नाही.

वारासिवनीकडच्या एका घरी आम्ही गेलो होतो. काकाजींना यंत्र आणून दीड महिना झाला होता. काकी म्हणाल्या, "भाऊ, मशीन तं चांगली आहे, पण थे नळी रातभर यायले सोडत नाही. इकडं वळले तं गळ्यात, तिकडं वळले तं पाठीखाली." काकाजी काही बोलले नाहीत, नुसते नाकावरचा वळ दाखविला. त्यांच्या उशाशी भिंतीत जुनी लाकडी खुंटी होती, तिच्यावर कंदील टांगीत असत. काकींनीच मग त्या खुंटीला लुगड्याच्या काठाचा एक सैल फासा करून नळी त्यातून ओवली. खुंटी खाटेच्या मधोमध नव्हती, म्हणून खाट हातभर सरकवावी लागली. एवढ्यावर काम भागले.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, दुकानात जाण्यापूर्वी उशाकडची भिंत पाहावी. जुन्या घरात खुंटी असतेच. नसेल आणि भिंत विटांची असेल तर मजबूत हूक बसविता येतो. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. तेथे लांब लाकडी खुंटी ठोकावी किंवा वरच्या आड्यावरून दोरी सोडावी. दोरी सोडताना ती पंख्यापासून दूर असावी, आणि पंख्याला तर नळी कधीच टांगू नये.

विकतचे आधार साधारण तीन-चार तऱ्हेचे येतात. पहिल्यात एक चपटी पट्टी असते, ती गादीखाली सरकवितात. तिच्यापासून निघालेली दांडी उशाकडे उभी राहते आणि टोकाशी नळी धरावयाची कडी असते. फळ्यांच्या पलंगावर जड गादी असेल तर हा प्रकार उत्तम. नळी ओढली गेली की दांडी थोडी वाकते, पुन्हा सरळ होते. पण आपल्या निवारीच्या किंवा सुतळीच्या खाटेवर तो उभा राहत नाही. खाली सपाट टेकावयास काही नसते, वर पातळ गादी किंवा गोधडी असते, आणि माणसाच्या वजनाने निवार झोळीसारखी खाली गेली की दांडीही त्याबरोबर तिरपी होते. शहरातल्या पलंगासाठी केलेली वस्तू ती. चित्र पाहून मागवू नये.

दुसरा प्रकार शिकंज्याचा. पलंगाच्या डोक्याकडील फळीला किंवा शेजारच्या मेजाला तो स्क्रूने आवळतात. खाटेच्या गातालाही तो बसू शकतो, मात्र शिकंज्याचे तोंड किती उघडते ते विचारून घ्यावे. गोल गात असेल तर मध्ये कापडाची घडी घालावी, नाहीतर तो गरकन फिरतो. लोखंडी पलंगाच्या नळीला हा चांगला बसतो. मेजाला लावणार असाल तर मेज जड हवे.

तिसरा, जमिनीवर उभा राहणारा स्टँड, इस्पितळात सलाइनचा असतो तसा. खाट कशीही असली तरी तो चालतो. पण रात्री उठणाऱ्याच्या पायात येतो, मुले त्याला धरून खेळतात, आणि शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर डुगडुगतो. खोली मोठी व फरशीची असेल तरच घ्यावा. चौथा तर नुसता हूक किंवा चिकटपट्टीची कडी, भिंतीला चिकटविण्याची. चुन्याच्या भिंतीवर तो पहिल्या पावसाळ्यात सुटतो. त्यापेक्षा आपली खुंटी बरी.

यांतला कोणताही घेताना किंमत किंवा चकाकी पाहण्याऐवजी हाताने दोन गोष्टी कराव्यात. कडीत नळी घालून पाहावी. साधी नळी बावीस मिलिमीटर व्यासाची असते, बारीक पंधराची; तिच्यावरच्या कड्यांमुळे बाहेरून ती आणखी जाड भरते. कडीत ती दाबली जाऊ नये, कारण नळी चेमटली तर दाब कमी होतो, आणि ज्यासाठी सारी यातायात तेच हुकते. ज्यांची नळी आतून तापणारी आहे त्यांनी तर अधिक जपावे; तिच्यात बारीक तार असते व एकाच जागी वारंवार मुडपल्यास ती तुटते. आणि दांडी हाताने ओढून सोडावी. लवचिक दांडी आपण कुशीवर वळताच मागे येते. ताठ दांडी तेवढा हिसका मास्कला देते. आम्ही तर म्हणू की टोकाशी फिरणारी कडी असलेला साधा आधार, ताठ व चमकदार आधारापेक्षा शंभर वेळा बरा.

लवचिकपणाचा विषय निघाला म्हणजे बांबू आठवतो. आपल्या जिल्ह्यात बांबूची वाण नाही, आणि बांबूची कामटी ही स्प्रिंगच आहे. चार फूट लांबीची, अंगठ्याएवढी रुंद, पिकल्या बांबूची कामटी बुरडाकडून नीट तासून घ्यावी. तिच्या कडांना कूस राहू नये. काचकागदाने घासून वर सुती कापड गुंडाळावे. ती उशाकडच्या खुराला दोन ठिकाणी, एक खाली व एक गाताच्या जोडाशी, सुतळीने घट्ट आवळावी. एकाच ठिकाणी बांधली तर ती फिरते. टोक गळाच्या काठीसारखे पुढे डोक्यावर झुकते. तेथे जुन्या लुगड्याच्या दोन बोटे रुंद पट्टीचा फासा करून नळी त्यात धरावी, नळी निसटू नये इतपत घट्ट, चेमटू नये इतपत सैल. खर्च बुरडाच्या मजुरीएवढा. आणि यात एक सोय अशी की, उन्हाळ्यात खाट अंगणात काढली तर आधारही खाटेबरोबर जातो. भिंतीवरची खुंटी काही अंगणात येत नाही.

आधाराची उंची किती असावी याबद्दल पुष्कळांचा घोटाळा होतो. जितका उंच तितका चांगला असे नाही, कारण नळी सहाच फुटांची आहे. हिशेब करून पाहू. खाट दीड फूट उंच. यंत्र खाटेपेक्षा खाली, फूटभर उंचीच्या चौरंगावर किंवा स्टुलावर असावे. ते डोक्यापेक्षा खाली का, ते पुढे सांगतो. समजा, फासा गादीपासून दोन फुटांवर आहे, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फूट. यंत्राच्या तोंडापासून तेथपर्यंत तिरपी जाताना अडीच-पावणेतीन फूट नळी खर्च झाली. उरली सव्वातीन ते साडेतीन फूट. फाशापासून नाकापर्यंत दीड फूट धरले तरी दोन्ही कुशींवर वळावयास पावणेदोन-दोन फूट शिल्लक. एवढे पुरे. फासा तीन फुटांवर नेला तर ही शिल्लक पार आटते आणि माणूस उताणाच पडून राहतो. आणि उताणे निजल्यानेच हा विकार बहुतेकांत वाढतो. उलट फासा फुटाच्याही खाली असेल तर नळीची झोळ तोंडावर व गळ्याभोवती येते. आठ-दहा फुटी नळ्याही मिळतात, पण काही यंत्रांत नळीचा प्रकार नोंदवावा लागतो. म्हणून विक्रेत्यास किंवा डॉक्टरांस विचारल्याशिवाय नळी बदलू नये, आणि दोन नळ्या जोडून एक तर मुळीच करू नये.

फासा उशीच्या मधोमध, डोक्याच्या थोडा मागे असावा. एका बाजूस असला तर त्या कुशीवर सुख आणि दुसऱ्या कुशीवर ओढ. ज्यांच्या मास्कला नळी नाकाशी न जोडता डोक्याच्या माथ्यावर जोडलेली असते, त्यांना आधाराची गरज कमी पडते. त्यांनी आधी आठ दिवस तसेच निजून पाहावे व मग खर्चात पडावे.

फाशात नळी हलकेच पकडलेली असावी, मोकळी सरकती नसावी, असे आमचे मत आहे. कारण दुसऱ्या टोकाला यंत्र आहे. झोपेत जोराने वळताना नळीस हिसका बसला आणि तो थेट यंत्रापर्यंत गेला, तर यंत्र स्टुलावरून खाली येते. त्यात हवा ओलसर करण्यासाठी पाण्याची टाकी असते. ते पाणी यंत्रात शिरले तर दुरुस्तीचा खर्च मोठा, आणि शेजारी विजेचा बोर्ड असला तर धोकाही. फाशाने हिसका मध्येच अडतो. त्यासाठी फासा व यंत्र यांच्यामध्येही थोडी सैल नळी ठेवावी. विजेची वायर मात्र नळीबरोबर एकाच फाशात बांधू नये; तिची वाट वेगळी.

मच्छरदाणीचे काय? बैहर, बिरसा, लांजीकडच्या जंगलपट्टीतील लोकांना हिवतापाचे भय नवे नाही, आणि यंत्रासाठी मच्छरदाणी सोडा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. मच्छरदाणीला भोक पाडण्याचेही कारण नाही. यंत्र बाहेर ठेवावे, नळी मच्छरदाणीच्या खालच्या काठातून उशाकडून आत घ्यावी आणि काठ नळीच्या दोन्ही अंगांनी गादीखाली नीट खोचावा. आधार आत असला पाहिजे, म्हणजे कामटी आतल्या बाजूने वर येईल अशी बांधावी. ज्यांची मच्छरदाणी चार बांबूंवर ताणलेली असते, त्यांनी उशाकडच्या दोन बांबूंमध्ये, गादीपासून दोन फुटांवर एक आडवी जाड दोरी बांधून मधोमध फासा केला तर वेगळ्या आधाराची गरजच उरत नाही. दोरी थोडी झुलते, तो तिचा गुणच समजावा. मच्छरदाणीच्या छताला मात्र नळी टांगू नये. कापड ताणून फाटते आणि डास आत येतात.

आता यंत्र खाली का, ते सांगतो. पौष-माघाच्या थंडीत यंत्रातून निघालेली ऊबदार ओली हवा गार नळीतून जाताना थंड होते आणि आत दव धरते, पितळी पेल्यात गार पाणी भरले की बाहेरून पेला घामेजतो तसे. या पाण्याचा नळीत गुडगुड आवाज येतो, कधी दोन-चार थेंब नाकात उतरतात आणि माणूस दचकून उठतो. यंत्र डोक्यापेक्षा खाली असले म्हणजे फाशापलीकडचे पाणी यंत्राकडे परत उतरते, आणि टाकी कधी हिंदकळली तरी तिच्यातले पाणी नाकाकडे येत नाही. पण टांगलेल्या नळीचा एक तोटा येथे मान्य केला पाहिजे. ती उघड्या हवेत असते, म्हणून पांघरुणाखालच्या नळीपेक्षा जास्त गारठते. आणि फाशाच्या अलीकडे जमलेले पाणी मास्ककडेच येते. यावर उपाय म्हणजे हिवाळ्यात नळीवर कापडाची पिशवी चढवावी. जुन्या स्वेटरची बाही किंवा फ्लॅनेलची लांब नळकांडी शिवून घेतली तरी चालते. तेवढ्याने भागले नाही तर यंत्रातील ओलाव्याचा आकडा एकेक पायरीने कमी करावा. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत काही जण फासा काढून नळी पांघरुणात घेतात. ज्याला ते सोसते त्याने तसे करावे, मात्र नळी अंगाखाली दबू नये. उन्हाळ्यात हा प्रश्नच उरत नाही, पण टेबलफॅनचा झोत सरळ नळीवर घेऊ नये, ती रात्रभर हलत राहते.

जे जमिनीवर चटई टाकून निजतात, त्यांना यंत्र डोक्यापेक्षा खाली ठेवता येत नाही. त्यांनी यंत्र जमिनीवरच, अंथरुणापासून हातभर दूर, पाटावर ठेवावे, टाकी खुणेच्या वर भरू नये, आणि भिंतीच्या खुंटीला फासा करावा. पावसाळ्यात जमीन पाझरत असेल तर अशांनी खाट केलेली बरी.

आधार बरोबर बसला की नाही हे ठरविण्यास बहुतेक नव्या यंत्रांतच सोय आहे. सकाळी ते रात्री किती तास वापर झाला आणि मास्कमधून हवेची गळती किती झाली, हे दाखविते. आधार लावण्याआधीच्या चार रात्रींचे आकडे घरातल्या शाळकरी मुलाकडून वहीत लिहून घ्यावेत, आणि लावल्यानंतरच्या चार रात्रींचे त्यांच्यासमोर. गळती उतरली, तास वाढले, तर काम झाले. गळती तशीच राहिली तर दोष बहुधा मास्कच्या मापात आहे, किंवा तोंड उघडे राहून हवा तेथून जाते आहे, किंवा नाक चोंदलेले आहे. मग कितीही चांगला आधार आणला तरी व्यर्थ; डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. दाबाचा आकडा मात्र आपल्या मनाने बदलू नये. आणि नुसत्या घोरण्यावरून स्वतःच निदान करून, कोणाचे जुने यंत्र घेऊन, हे प्रयोग कोणी आरंभू नयेत; प्रत्येकाचा दाब वेगळा असतो.

वीज गेली तर यंत्र थांबते व नळीतून हवा येईनाशी होते. नाकावरचा लहान मास्क असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो व बहुधा जागा होतो. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये बाहेरची हवा आत येण्यासाठी झडप असते. तरी अंधारात मास्क काढता यावा म्हणून नळीचा मास्कशी असलेला जोड हाताने कसा सोडवायचा, ते दिवसा डोळे मिटून दोन-चार वेळा करून पाहावे. फासा या जोडाजवळ नसावा, तो वरच असावा, म्हणजे हात लगेच पोचतो.

आधाराचा आणखी एक उपयोग काकींनी आम्हाला दाखविला. नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी लागते आणि आतून पूर्ण वाळवावी लागते. ती त्याच फाशात, दोन्ही तोंडे खाली करून, सावलीत टांगली की संध्याकाळपर्यंत वाळते. उन्हात टाकली तर प्लास्टिक कडक होऊन तडकते. नळीत कोठे भोक आहे अशी शंका आली तर सायकलच्या ट्यूबसारखेच करावे. एक तोंड बोटाने बंद करून, दुसऱ्याने फुंकून, बादलीतल्या पाण्यात बुडवावी; बुडबुडे येतील तेथे भोक. भोक पडलेली नळी चिकटपट्टीने जोडीत बसू नये, नवी घ्यावी.

चिन्नोरची मळणी अंगणात सुरू असेल त्या दिवसांत यंत्राच्या मागची हवेची गाळणी रोज उघडून पाहावी, कोंड्याने ती चार दिवसांत भरते. आणि ज्या घरात धानाच्या कोठ्या आहेत तेथे उंदीर असणारच. रात्री वापरात असलेली नळी ते सहसा कुरतडत नाहीत, पण दिवसभर उशाशी लोंबत राहिलेली नळी कुरतडलेली आम्ही दोन घरी पाहिली आहे. म्हणून सकाळी नळी फाशातून सोडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात मास्कसकट ठेवावी. डबा कोरडा असावा व नळी त्यात सैल गुंडाळावी, मुडपून कोंबू नये.